आठ नंबरची निगेटिव्ह

४ जानेवारी

ठकू,

सुरुवात कशी करायची यात दोन कागद फुकट गेले. आशीर्वाद लिहावेत तर तू म्हणशील, ठेव तुझ्यापाशी. 'कशी आहेस' लिहावं तर ते मला ठाऊक असतंच. दर रविवारी तुझी आई फोन घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि दार लोटून घेते. दार लोटलं तरी तिचा आवाज काही लोटला जात नाही. तुझं मात्र काही ऐकू येत नाही. आईच्या 'हो का?' आणि 'अगं बाई' वरून मी अंदाज बांधतो.

तर कामाचं लिहितो. दुकान दिलं. चाळीस वर्षांचा स्टुडिओ तीन दिवसांत रिकामा झाला. तिथे आता चष्म्याचं दुकान येतंय. पडदे, दिवे, ते लाकडी घोड्याचं स्टूल, निगेटिव्हचे सतरा खोके, सगळं घरी आणलंय. आई म्हणते, आता एक तर खोके राहतील नाहीतर मी.

शोकेसमधला तुझा फोटोही आणला. पाच वर्षांची तू, दोन वेण्या, एक सुटलेली, आणि ते हसू. तुला आठवतं ना, लोक काचेवर बोट ठेवून म्हणायचे, 'आमच्या पोराचा अस्सा काढा.' निम्मा धंदा त्या फोटोने आणून दिला. आता कडांना पिवळा पडलाय, पण हसू तसंच आहे. मी तो पुढच्या खोलीत लावायला घेतला तर आईने हातातून काढून घेतला आणि कपाटामागे उलटा करून ठेवला. 'तो नको भिंतीवर.' का, म्हणून विचारलं तर म्हणाली, 'तुम्हाला माहीत आहे.'

मला काही माहीत नाही. तुला हवा असेल तर पाठवतो. फ्रेमसकट जड आहे, कळव.

बाकी सगळं ठीक.

बाबा

ता. क. तुझ्या पिटुकलीच्या बुटाचं माप आईने विचारलंय.
(आईने नाही. मीच विचारतोय.)


२३ जानेवारी

ठकू,

उत्तर आलं नाही. दोष पोस्टाचा नाही, एवढं कळतं मला.

इथे एक नवीन भानगड झाली आहे. खालच्या मजल्यावर एक नर्स राहायला आल्या आहेत. त्यांची सकाळची ड्यूटी असते, म्हणून त्यांची अडीच वर्षांची मुलगी दुपारपर्यंत आपल्याकडे. आईनेच परस्पर हो म्हणून टाकलं. मुलीचं बारशातलं नाव काहीही असो, आम्ही तिला खारूताई म्हणतो, कारण हाताला लागेल ते ती कुठेतरी साठवून ठेवते. परवा माझा चष्मा तांदळाच्या डब्यात निघाला.

आता रिकामा फोटोग्राफर आणि घरात लहान मूल म्हटल्यावर काय होणार? पहिल्या दिवशी मी पांढरी चादर टांगली, दोन दिवे लावले, घोड्याच्या स्टुलावर तिला बसवलं. तिने एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि असा भोंगा पसरला की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. मग ती उतरून टेबलाखाली जाऊन बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी दिवे काढून टाकले, दुकानातला पासपोर्ट फोटोचा छोटा कॅमेरा घेतला आणि पालथा पडून टेबलाखाली डोकं घातलं. आई दारात उभी. म्हणाली, 'उठायचं झालं की सांगा, क्रेन बोलावते.'

सोबत जो फोटो आहे तो तिथला. चौकातल्या लॅबमधून प्रिंट काढून आणली. खिडकीचा उजेड फरशीवरून उसळून खालून तोंडावर आलाय, बघ. पोर हसत नाही, रडतही नाही. चादरीचं टोक चावतेय. काही म्हणता काही करत नाही, आणि चेहऱ्यावर मात्र एवढं चाललंय! मी अर्धा तास तो फोटो बघत बसलो. असला फोटो गिऱ्हाइकाला दाखवला असता तर त्याने पैसे परत मागितले असते.

आता रोज हाच उद्योग. खारूताईचा राग तीन प्रकारचा आहे. एक बटण लागत नाही म्हणून, एक दुसऱ्याने लावून दिलं म्हणून, आणि तिसरा कशासाठी ते तिलाही ठाऊक नसतं. तिसरा सगळ्यात देखणा.

वाचताना तुझ्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं अशी म्हण आहे. मी ती उलटी केली. अडीच वर्षांपूर्वी तू दीड वर्षाच्या पिटुकलीला घेऊन आलीस, मी हौसेने दुकानातून हेच स्टूल घरी आणून तिला बसवलं, दोन तास खटपट केली, एक फोटो धड आला नाही. आणि मी तुझ्यासमोर म्हणालो, 'ही पोर कोरी आहे. चेहऱ्यावर काही उमटतच नाही. डॉक्टरला दाखव.' तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस.

नाचता येईना अंगण वाकडं. दुसरं काय. त्या दिवशी मी जरा घाई केली, एवढं मान्य करतो.

बाबा


११ फेब्रुवारी

ठकू,

मागच्या पत्रात 'जरा घाई केली' असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आज सगळं लिहितो. वाचून झाल्यावर फाडून टाकलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी खारूताई खिडकीशी बसली होती. उजेड इतका सुरेख होता की मला राहवलं नाही. ती मान वर करेना. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, 'ती बघ, आई आली!'

तुला हा डाव माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत होता. स्टुडिओत मुलं आईला चिकटायची, म्हणून आईला मी बाहेरच्या बाकावर बसवायचो. मग कॅमेऱ्याच्या मागे बोट दाखवून म्हणायचो, 'ती बघ, आई आली!' पोर मान वर करायचं, डोळे मोठे व्हायचे, हसू फुटायचं, मी बटण दाबायचो. शंभरातली नव्वद मुलं हसायची. माझं नाव त्या डावावर झालं.

खारूताईनेही मान वर केली. हसली. पण त्या दिवशी कॅमेरा नेमका तुझ्या आईने उचलून कपाटावर ठेवला होता. माझे हात रिकामे होते. म्हणून पहिल्यांदाच मी तिच्याकडे बघत राहिलो.

ती धावत दाराशी गेली. दार बंद होतं. तिने कडीला हात पुरवायचा प्रयत्न केला, पुरला नाही. मग दाराला कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत दाराकडे. मी म्हणालो, 'अगं गंमत केली, ये इकडे.' ती आली नाही. वीस मिनिटं ती दाराला पाठ लावून उभी होती. तुझ्या आईने खेळणी दिली, मांडीवर घ्यायला पाहिलं, पण नाही. खरी आई दुपारी आली तेव्हा ती तिच्या अंगावरही धावली नाही. आधी तिचा पदर हाताने चाचपून पाहिला.

ठकू, मी तीसेक वर्षं हा डाव खेळलो आणि हे मला माहीत नव्हतं. कसं असेल? क्लिक झालं की माझी मान खाली जायची. रोल पुढे सरकवायचा, आकडा बघायचा, दिव्याकडे वळायचं. वर बघेपर्यंत पुढचं गिऱ्हाईक. हसल्यानंतरच्या क्षणाला मी एकाही पोराकडे पाहिलेलं नाही.

तुझा तो शोकेसमधला फोटो. आई दवाखान्यात होती, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. लहान मुलांना वॉर्डात सोडत नव्हते. आठ दिवस तू तिला पाहिलं नव्हतंस, माझ्याबरोबर दिवसभर दुकानात बसायचीस आणि मुसमुसायचीस. मला वाटलं, पोरीला जरा हसवावं. सहज म्हणालो, 'ती बघ, आई आली!'

तो डाव मला त्या दिवशी सुचला. पहिल्यांदा. तुझ्यावर.

आईला हे कुणी सांगितलं माहीत नाही. बहुतेक तूच सांगितलं असशील, ती घरी आल्यावर. तिने मला कधी विचारलं नाही. फोटो मात्र कपाटामागे गेला तो उगाच नाही.

आणि आता पिटुकली. तू आत आईला मदत करत होतीस, तुला हे माहीत नाही. मी तिला चार वेळा म्हणालो, आई आली. पहिल्यांदा ती वळली आणि हसली, खूप छान हसली, पण माझा फोकस चुकला. दुसऱ्यांदा वळली, हसली नाही. तिसऱ्यांदा अर्धीच मान वळवली. चौथ्यांदा तिने मानसुद्धा वळवली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत बसली. तेव्हा मी तुला हाक मारली आणि ते वाक्य बोललो.

तू तिला दोन डॉक्टरांकडे नेलंस, दोघांनी ठणठणीत म्हणून सांगितलं, हे मला माहीत आहे. तरीही तू आईला अजून विचारत असणार, 'ती बरोबर हसते ना गं?' आई त्यावर दर रविवारी म्हणते, 'हसते गं, हसते, वेडी की काय तू?' ते मी दाराआडून ऐकतो आणि वर्तमानपत्र उघडून बसतो.

तुझी मुलगी कोरी नव्हती. तिच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं होतं. ती माझ्यावर विश्वास ठेवायचं बंद करत होती आणि मी समोर बसून ते बघितलं नाही. माझं चुकलं. तुझ्या बाबतीत चुकलं आणि तिच्याही.

अजून एक. त्या दिवशीच्या तुझ्या रोलमध्ये शोकेसचा फोटो सात नंबरचा आहे. हसू टिकलं असेल म्हणून मी घाईघाईत, न बघता आणखी एकदा बटण दाबलं होतं. ती आठ नंबरची निगेटिव्ह खोक्यात आहे. तिच्यावर माझ्याच हाताची लाल पेन्सिलीची फुली आहे. ती मी कधी मोठी करून पाहिली नाही.

बाबा


२ मार्च

ठकू,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन शब्द. 'आठ नंबर पाठवा.' लहानपणापासून मला अरे-तुरे करणारी पोरगी तू, 'पाठवा' वाचून मला गिऱ्हाईकच आल्यासारखं वाटलं. पण अक्षर तुझं होतं. मी ती चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे. बरोबर, पैशांच्या पाकिटात.

प्रिंट लॅबमध्ये करून मिळाली असती, पण ही मलाच करायची होती. निगेटिव्ह मोठी करायचं जुनं एन्लार्जर न्हाणीघरात मांडलं, खिडकीला काळा कागद लावला, लाल दिवा लावला, बादल्या बाहेर काढल्या. आई म्हणाली, 'आणि आंघोळी?' मी म्हटलं, दोन दिवस खालच्या नर्सबाईंकडे कर. ती म्हणाली, 'चाळीस वर्षं संसार केला, आता आंघोळीला शेजारी!' पण साबण घेऊन गेली.

पहिले दोन कागद बिघडले, हात पूर्वीसारखा राहिला नाही. तिसरा कागद औषधाच्या पाण्यात हलवत होतो तेव्हा आई मागून येऊन उभी राहिली. आम्ही दोघांनी ते एकदमच पाहिलं.

मला वाटलं होतं तू रडत असशील. रडत नाहीस. हसू अजून अर्धं ओठांवर आहे, पुसायचं राहून गेल्यासारखं. सुटलेली वेणी खांद्यावर. आणि डोळे दाराकडे नाहीत. माझ्याकडे आहेत. सरळ. पाच वर्षांच्या मुलीने बापाकडे इतक्या समजुतीने बघू नये, ठकू.

आई न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, 'माझी वाट बघत होती ती. आणि तुम्ही फुली मारलीत.'

दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. चहा द्यायची, पण कप आपटून. तिसऱ्या दिवशी कपाटामागचा सात नंबर काढला, आठ नंबरची दुसरी प्रत माझ्याकडून करून घेतली आणि दोन्ही शेजारी-शेजारी पुढच्या खोलीत लावले. खिळे तिनेच ठोकले. एक जरा तिरका आहे, पण बोलायची माझी हिंमत नाही.

तुझी प्रत सोबत आहे. चांगला जाड कागद वापरलाय. तू माझ्या हातून काढून घेतलेला सगळ्यात चांगला फोटो हाच आहे आणि तो काढताना मी बघतसुद्धा नव्हतो.

बाबा


२८ मार्च

ठकू,

पाकीट उघडायच्या आधी मी तीनदा चष्मा पुसला, काचेवर धूळ होती म्हणून, असं मी आईला सांगितलं. तिने हो म्हटलं.

पिटुकलीचे सात फोटो, तू घरी काढलेले. मागे लिहिलंस, 'काय दिसतं ते लिही. खरं लिही.' 'लिहा' नाही, 'लिही.' बरं वाटलं.

खरंच लिहितो. आधी कारागिरीबद्दल, म्हणजे तुला कळेल की मी गोड बोलत नाही. तू उभी राहून काढतेस, त्यामुळे पोर सगळीकडे वरूनच दिसते. खाली बस. फरशीवर. तिला हाक मारू नकोस, तिची ती विसरेपर्यंत बसून राहा. घरातले दिवे बंद कर आणि खिडकीचा उजेड बाजूने घे. मोजा घालतानाच्या फोटोत तिचं अर्धं पाऊल कापलंस, हे अक्षम्य आहे.

आता चेहरा. त्याच मोज्याच्या फोटोत जिभेचं टोक बाहेर आहे, डाव्या कोपऱ्यातून. तू चित्र रंगवताना अगदी तसंच करायचीस. बटणाच्या फोटोत राग आहे, पहिल्या प्रकारचा. मोरीच्या जाळीतून पाणी गोल फिरत जाताना बघतेय त्या फोटोत ती इतकी गुंतली आहे की तिला फोटो काढल्याचं कळलंही नसेल. एक फोटो हलला आहे. तो फेकू नकोस. हसण्यानेच हलला आहे तो, कॅमेऱ्याचा दोष नाही.

आणि सातवा. ज्याच्यासाठी तू बाकीचे सहा पाठवलेस. शेजारीणबाई तिच्यासमोर वाकून तोंडं वेडीवाकडी करतायत आणि पिटुकली हसत नाही. हाच ना? हाच बघून तू दर रविवारी आईला विचारतेस.

मी तो भिंगाखाली धरून पाहिला. खालचा ओठ आत घेतलाय. डावी भुवई केसभर वर. दोन्ही हात मागे, पण पाऊल पुढे टाकलंय. ज्याला काही वाटत नाही तो पाऊल पुढे टाकत नाही. ती तोलून बघतेय, ठकू. हे खरं आहे की गंमत, हे ठरवतेय. मंडईत भाजी घेताना तुझी आई हाच चेहरा करते, आणि तिला कुणी अजून डॉक्टरकडे नेलेलं नाही.

ही सवय तिला माझ्यामुळे लागली का, मला माहीत नाही. कदाचित ती जन्मतःच सावध असेल. कदाचित माझा हात असेल. नाही म्हणून मी सुटणार नाही.

एकच विचारतो. ह्या फोटोनंतर काय झालं? तू कॅमेरा खाली घेतलास की बघत राहिलीस? मला ते कळव.

आणि धीर करून लिहितो. मला तिला भेटायचंय. कॅमेरा आणणार नाही. शपथेवर. आईला माझी बॅग तपासायला सांगतो.

बाबा


१९ एप्रिल

ठकू,

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेलं गाडीतच संपवलं. आईने दारातच विचारलं, 'हसली का?' मी म्हटलं, आधी आत तर येऊ दे.

चार दिवस तुझ्या घरी राहिलो आणि आपण दोघं त्या विषयावर एक शब्द बोललो नाही, हे किती बरं झालं! आठ नंबर तू पिटुकलीच्या पलंगाच्या वर लावला आहेस, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं. ती मला बोट दाखवून म्हणाली, 'ही आई. ही आजोबांकडे बघते.' तुला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी तू आणखी एक फोटो माझ्या हातात ठेवलास. शेजारीणबाई निघून गेल्यानंतरचा, खिडकीच्या काचेत बघून पिटुकली एकटीच तसली तोंडं करतेय आणि खदखदा हसतेय. तो माझ्या पाकिटात आहे, तुझ्या चिठ्ठीशेजारी.

पण हे पत्र त्यासाठी नाही. शनिवारी सकाळी तू औषधाच्या दुकानात गेलीस ना, तेव्हा तू दाराच्या बाहेर होतीस. आत काय झालं ते तुला कधीच दिसणार नाही. कुठल्याच आईला दिसत नाही. म्हणून लिहितो.

तू गेल्यावर ती दाराशी जाऊन उभी राहिली. तीन दिवस ती माझ्यापासून हातभर लांबच राहिली होती, तू पाहिलंसच. मी जाऊन दाराशेजारी फरशीवर बसलो. माझे गुडघे वाजले. ती म्हणाली, 'कसला आवाज?' मी म्हटलं, 'आजोबांचा.' तिने तेही तोलून पाहिलं.

मग तिने विचारलं, 'आई कधी येणार?'

जिभेवर आलं होतं, 'आलीच बघ!' तीसेक वर्षांची सवय. मी ते गिळलं. म्हणालो, 'मला माहीत नाही गं. दुकानात गर्दी असेल तर उशीर होईल. आली की जिन्यात चपला वाजतील. आपण ऐकू या.'

ती माझ्या शेजारी बसली. हातभर लांब नाही. मग आम्ही ऐकत बसलो. एकदा वरच्या मजल्यावरचं कोणीतरी उतरलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. एकदा कुणाची तरी पिशवी जिन्यावर आपटली. तिने पाहिलं. नाही. सात-आठ मिनिटं गेली असतील. तिने माझ्या अंगठ्याला धरलं होतं, कधी धरलं ते मला कळलं नाही.

मग तुझ्या चपला. तू डावा पाय जरा घासतेस. मी काही बोललो नाही.

ठकू, आधी तिचा श्वास थांबला. मग कान वर झाले, खरंच झाले. खालचा ओठ आत गेला, भुवई केसभर वर. ती तोलत होती. तू किल्ली लावलीस, कुलूप वाजलं, आणि तिच्या कपाळापासून खाली सगळा चेहरा उघडत गेला, डोळे, गाल, सगळ्यात शेवटी तोंड. तुझ्या सात नंबरच्या फोटोत आहे ना, तेच हसू. तस्संच. पण हे थांबलं नाही. मी मान खाली घातली नाही, बघतच राहिलो, आणि ते थांबलं नाही. दार उघडायच्या आधी तिने माझा अंगठा ओढला आणि मला काही कळत नसल्यासारखं समजावून सांगितलं,

'आजोबा, आई आली.'

तुझा बाबा